ब्रेसचे अठरा तास आणि मोकळे सहा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

मी साडेचौदा वर्षांची आहे, नववीत शिकते आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी उटणे लावताना आत्याच्या लक्षात आले की माझ्या पाठीची उजवी बाजू वर आल्यासारखी दिसते. पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला, असल्याचे सांगितले. बाक ३२ अंशांचा असून रिसर १ असे कागदावर लिहिले आहे. माझी पाळी सुरू होऊन सहा महिने झाले आहेत. डॉक्टरांनी दिवसाला १८ तास घालायला ब्रेस, म्हणजे धडाभोवती पट्ट्यांनी आवळायचे कडक कवच, दिला आहे. मी तो संध्याकाळी खेळून आल्यावर घालते आणि सकाळी उठल्यावर काढते. शाळेत घालत नाही, कारण सगळे विचारतील. डॉक्टरांना मात्र आम्ही १८ तास घालते असेच सांगितले. आई म्हणते, मोबाइल घेऊन वाकडी लोळल्यामुळे हे झाले. आजी म्हणते, हाडवैद्याकडे नेले तर दोन महिन्यांत कणा सरळ होईल. बाहेर कुणाला कळू नये, पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल, असेही घरात बोलणे होते. माझी धाकटी बहीण पाचवीत आहे, तिलाही असे होईल का? मला खेळ सोडावा लागेल का? आणि ब्रेसचा खरेच उपयोग होतो का?
(जि. सांगली)

उत्तर:

सर्वांत आधी मोबाइलविषयी लिहिते, कारण पत्र वाचताना वाटले की तुझ्या मनाला तेच अधिक लागले आहे. वाकडे लोळल्याने, दप्तर एकाच खांद्यावर घेतल्याने किंवा बाकावर रेलून बसल्याने स्कोलिओसिस होत नाही. दहा ते सोळा या वयात, दुसरा कोणताही आजार नसताना आढळणाऱ्या या प्रकाराचे नेमके कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, एवढे मात्र निश्चित. या वयाच्या शंभर मुलामुलींमध्ये साधारण दोन-तीन जणांच्या कण्याला १० अंश किंवा त्याहून अधिक बाक असतो, म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत दहा-बारा जण सहज निघतील. त्यांतल्या बहुतेकांचा बाक इतका कमी असतो की तो कधी कुणाच्या लक्षातही येत नाही. असे लहान बाक मुलगे आणि मुली दोघांतही आढळतात, पण ३० अंशांच्या पुढे जाणाऱ्यांत मुलींचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असते. तू काही केलेस म्हणून हे झालेले नाही, आणि आईकडून काही करायचे राहिले म्हणूनही झालेले नाही. आत्याच्या नजरेला ते पडले हे फार चांगले झाले, कारण या वयाच्या मुलीची उघडी पाठ घरातल्या कुणालाही महिनोन्‌महिने दिसत नाही आणि दुखत नसल्यामुळे तिला स्वतःलाही काही कळत नाही.

तुझ्या पाठीवर जो उंचवटा दिसतो तो बरगड्यांचा आहे. या विकारात कणा बाजूला झुकतोच, शिवाय मणके गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडे थोडे फिरत जातात, आणि त्यांना जोडलेल्या बरगड्याही त्यांच्याबरोबर फिरून एका बाजूने मागे येतात. पुढे वाकले की हे अधिक ठळक दिसते. म्हणूनच विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये सांगितलेली पुढे वाकून पाहण्याची तपासणी आजही दवाखान्यात सर्वांत आधी केली जाते. ३२ अंश हा जो आकडा तुला सांगितला, तो एक्स-रेवर मोजतात. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका यांच्यामधला तो कोन असतो. एकच एक्स-रे दोघांनी मोजला तरी या कोनात पाचएक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे पुढच्या भेटीत ३५ आले म्हणून रात्रभर रडू नकोस आणि २९ आले म्हणून ब्रेस माळ्यावर टाकू नकोस. एवढ्या फरकावरून डॉक्टरही कोणता निष्कर्ष काढत नाहीत. बाक वाढला असे म्हणायला त्याहून मोठा फरक दिसावा लागतो.

या ३२ पेक्षाही तुझ्या कागदावरचा रिसरचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या वयात नवे हाड धरत जाते, आणि ते कुठवर पसरले आहे यावरून ० ते ५ असा हा आकडा देतात. १ याचा अर्थ तुझी बरीच वाढ अजून शिल्लक आहे. पाळी सुरू झाल्यानंतर साधारण दोन वर्षांत मुलींची उंची वाढायची जवळपास थांबते आणि तुझे त्यातले सहाच महिने झाले आहेत. बाक झपाट्याने वाढण्याचा धोका याच काळात असतो. वाढ संपताना बाक ३० अंशांच्या आत असेल तर तो पुढे सहसा वाढत नाही. तो ५० अंशांच्या पुढे गेलेला असेल तर मोठेपणीही सावकाश, वर्षाला साधारण एक अंश या गतीने वाढत राहू शकतो, आणि म्हणूनच ४५ ते ५० अंशांच्या आसपास डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात. तू या दोन्हींच्या मधे उभी आहेस. ब्रेसने करायचे काम एवढेच की वाढीचा हा काळ संपेपर्यंत बाक आहे तिथेच धरून ठेवायचा. तो कणा सरळ करून देणार नाही, आणि तशी अपेक्षा धरून घातलास तर प्रत्येक एक्स-रेनंतर निराश होशील. वाढ थांबली त्या दिवशी बाक ३२ च्या आसपास असेल, तर ब्रेसने आपले काम पूर्ण केले असे समजायचे.

उपयोग होतो का, याचे उत्तर आकड्यांत देता येते. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ रुग्णालयांनी मिळून तुझ्यासारख्याच, म्हणजे वाढ शिल्लक असलेल्या आणि २० ते ४० अंशांचा बाक असलेल्या मुलामुलींवर एक मोठा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेसच्या आत तापमान टिपणारे छोटे यंत्र बसवलेले असल्यामुळे कोण खरोखर किती तास घालते हेही त्यांना कळत होते. जे दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून जास्त घालत होते त्यांच्यात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले, आणि जे सहा तासांहून कमी घालत होते त्यांची स्थिती ब्रेस न घालणाऱ्यांपेक्षा वेगळी नव्हती. ब्रेस न घातलेल्या जवळपास निम्म्या मुलांचाही बाक ५० पर्यंत गेला नाही, हेही मी तुझ्यापासून लपवत नाही. पण आपण त्या निम्म्यांत असू की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि रिसर १ असताना मी तरी तो जुगार खेळू देणार नाही.

आता तुझ्या दिवसाचा हिशेब मांडू. शाळा अकरा ते पाच आणि नंतर दोनेक तास सराव, असे मी धरून चालते. संध्याकाळी सव्वासातला ब्रेस चढवून सकाळी साडेसहाला काढलास की सव्वाअकरा तास होतात. तू सध्या इथेच थांबतेस. ब्रेस घालून शाळेत गेलीस आणि पाचला सरावाआधी काढलास, तर सव्वादहा ते पाच हे पावणेसात तास त्यात मिळून बरोबर १८ होतात. मग सकाळचे पावणेचार तास आणि संध्याकाळचे सव्वादोन, असे सहा तास पूर्णपणे तुझे राहतात. आंघोळ, व्यायाम, अभ्यास आणि खो-खो हे सगळे त्यात बसते. समजा, पहिला महिनाभर शाळेत घालून जायची हिंमत होतच नाही, तर सकाळी आंघोळ आटोपल्यावर साडेसातला तो परत घाल आणि शाळेला निघताना काढ. एवढ्याने आकडा १४ वर जातो, म्हणजे आजच्यापेक्षा पावणेतीन तास जास्त, आणि यासाठी घराबाहेर कुणालाही काही सांगावे लागत नाही. ही मी दिलेली सूट समजू नकोस. तुला सांगितलेले तास १८ आहेत आणि ते तुझ्या डॉक्टरांनी तुझा एक्स-रे पाहून ठरवलेले आहेत. पण ११ वरून १८ वर एकदम उडी मारायला जमत नाही म्हणून ११ वरच बसून राहणे, यात नुकसान तुझेच आहे.

यापुढचे तुझ्या आईबाबांसाठी आहे. तुम्ही डॉक्टरांना १८ तास सांगितलेत त्यामागे रागावतील ही भीती असणार, आणि अशी भीती वाटणारे तुम्ही एकटे नाही. फिजिओथेरपीच्या कामात ब्रेसचे तास वाढवून सांगणारे पालक मला नेहमी भेटतात. परंतु त्यातून काय होते ते पाहा. उद्या बाक वाढलेला दिसला तर डॉक्टर असे समजतील की १८ तास घालूनही ब्रेस उपयोगी पडला नाही, आणि ते ब्रेस बदलतील, तास वाढवतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार लवकर सुरू करतील. खरा आकडा ठाऊक असेल तर ते आधी तास वाढवून पाहायला सांगतील. पुढच्या भेटीत ‘आतापर्यंत अकरा तासच घालत होती, आता वाढवतो आहोत’ हे एक वाक्य स्पष्ट बोला. घरी एका वहीत रोजचे तास लिहून ठेवा. ते तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या.

ब्रेस अंगावर नकोसा का होतो, हे मला माहीत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. आत बिनशिवणीची, अंगाला घट्ट बसणारी सुती बनियन घाल, ती खाली ओढून साऱ्या सुरकुत्या काढ, आणि मगच ब्रेस चढव. दाब नेमका कापडाच्या घडीवर आला की तिथली त्वचा सोलवटते. पट्टे उभ्याने आवळू नकोस. आधी अंथरुणावर पाठीवर पडून घे, मग आईला आवळायला सांग, आणि बरोबर बसल्यावर प्रत्येक पट्ट्यावर पेनाने एक खूण करून ठेव. म्हणजे रोज त्याच खुणेपर्यंत ओढता येते आणि अर्धवट सैल ब्रेस घालून फिरणे होत नाही. सैल ब्रेस जास्त टोचतो, कारण तो सरकत राहतो. काढल्यावर दाबाच्या जागी लाली दिसेल. ती अर्ध्या तासात गेली तर ठीक. तशीच राहिली, फोड आला किंवा कातडी निघाली, तर ब्रेस बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टला फोन करून दाखवून यायचे, कारण आतला भाग घासून किंवा गादी बदलून हे दुरुस्त करता येते. त्या जागी तेल, मलम किंवा पावडरचा थर लावू नकोस, त्याने त्वचा मऊ पडून आणखी सोलवटते. आंघोळीनंतर पाठ पूर्ण कोरडी होऊ दे. चैत्र-वैशाखात दोन-तीन बनियन रोज बदलाव्या लागतील, तेवढ्या आणून ठेव. आतले कपडे ब्रेसच्या वरून घातलेस तर शौचालयात प्रत्येक वेळी तो काढावा लागत नाही. ही गोष्ट दवाखान्यात सहसा कुणी सांगत नाही आणि मुली मात्र एवढ्याचसाठी शाळेत ब्रेस नको म्हणतात. सलवारीला नाडीऐवजी सैल इलॅस्टिक बसवून घे आणि गणवेशाचा कुर्ता एक माप मोठा शिव. पोटावर दाब असल्यामुळे एकदम भरपेट जेवण जात नाही. सकाळी थोडे खाऊन डबा दोन वेळा उघड.

शाळेत लोक विचारतील, हे तुझे म्हणणे खरे आहे. कुणी मैत्रिणीने पाठीवर थाप मारली की टक् असा आवाज येईल आणि ती चमकून पाहील. त्या क्षणी काय बोलायचे हे आधी ठरलेले असले की निम्मी भीती जाते. ‘माझ्या कण्याला बाक आहे, तो वाढू नये म्हणून वर्ष-दीड वर्ष हा ब्रेस घालायचा आहे’ एवढे पुरते. पुढे कुणी खोदून विचारले तर उत्तर देण्याचे बंधन तुझ्यावर नाही. आधी एकाच जवळच्या मैत्रिणीला सांग, तिला ब्रेस हातात घेऊन पाहू दे, आणि पहिल्या दिवशी तिच्याबरोबर वर्गात जा. वर्गशिक्षिकांना आईने आधी भेटावे आणि दोन गोष्टी मागून घ्याव्यात: गरज पडली तर ब्रेस काढण्या-घालण्यासाठी एक बंद खोली, आणि जमिनीवर बसायच्या तासाला खुर्ची. ब्रेसमध्ये मांडी घालून बसताना कमरेला खालची कड रुतते, त्यामुळे ही मागणी लाडाची नाही. कुणी सतत चिडवत असेल तर ते सहन करत बसू नकोस, शिक्षिकांच्या कानावर घाल.

खो-खो सोडायचा नाही. स्कोलिओसिस असलेल्या मुलामुलींना खेळ बंद करायला सांगण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नाही. उलट पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट राहिले तर ब्रेसमुळे येणारा अशक्तपणा टळतो आणि मनही ताजे राहते. ज्या उसेन बोल्टने २००९ मध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याच्याही कण्याला बाक आहे, आणि पाठ-पोटाच्या स्नायूंवर त्याला त्यासाठी विशेष मेहनत घ्यावी लागली. तू ब्रेस काढून खेळ, खांबाभोवती वळ, सूर मार, आणि घरी आल्यावर अंग पुसून कोरडे झाले की लगेच ब्रेस चढव. खेळाडूंना मी नेहमी एकच बजावते: सामना लांबला म्हणून गेलेले दोन तास त्याच दिवशी भरून काढायचे, रविवारवर ढकलायचे नाहीत.

व्यायामाबद्दलही थोडे सांगते. ज्यांना स्वतःला हा विकार होता त्या कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंनी १९२० च्या दशकात बाकाच्या दिशेनुसार करायच्या व्यायामांची पद्धत सुरू केली. दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरत आरशासमोर उभे राहून कणा लांबवायचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. ब्रेसच्या जोडीला याचा फायदा होतो, ब्रेसऐवजी मात्र तुझ्या वयाला आणि बाकाला ते पुरेसे नाही. ही पद्धत शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट बसवून घे, कारण उजव्या बाकाचे व्यायाम डाव्या बाकाला चालत नाहीत आणि मोबाइलवरच्या चित्रफितीतल्या मुलीचा बाक तुझ्यासारखा असेलच असे नाही. पोहणे किंवा योगासने यांनी बाक कमी होत नाही, पण आवडत असतील तर खुशाल कर.

आजींना माझा नमस्कार सांग आणि पुढचे वाचून दाखव. आजी, हाडवैद्याने बसवलेला निखळलेला सांधा तुम्ही पाहिला असेल. इथे मात्र कोणताही सांधा निखळलेला नाही. हिचे मणके वाढता वाढताच थोडे तिरपे घडले आहेत आणि फिरले आहेत. ओढून, दाबून किंवा वजन लटकवून ते पूर्वीसारखे होत नाहीत, आणि जोराने ओढल्यास इजा होऊ शकते. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वाया जाणाऱ्या दोन महिन्यांची. हिच्या वाढीचे दीडएक वर्षच उरले आहे, त्यातले दोन महिने कुणाच्या शब्दावर ब्रेस काढून घालवले तर ते परत मिळत नाहीत. संध्याकाळी ब्रेस घालण्याआधी नव्हे, तर सकाळी तो काढलेला असताना तुम्ही हिच्या खांद्यांना हलके तेल लावून दिलेत आणि नंतर ते नीट पुसून घेतलेत, तर हिला बरेच वाटेल.

लग्नाच्या बोलण्याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. साडेचौदा वर्षांच्या मुलीच्या पाठीचा निर्णय, पुढे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कोण काय म्हणेल यावरून होऊ नये. कुणाला कळू नये म्हणून ब्रेस शाळेत घालायचा नाही, आणि न घातल्यामुळे बाक वाढला की तोच बाक सगळ्यांना दिसणार, इतकी उलटी ही काळजी आहे. घरात ज्यांना खरोखर शंका आहे त्यांच्यासाठी माहिती देते. स्वीडनमध्ये ब्रेस किंवा शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा उपचारानंतर २२ वर्षांनी अभ्यास झाला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकींचे संसार होते, मुले होती, आणि बाळंतपणांच्या संख्येचा बाक वाढण्याशी संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ज्यांच्यावर कधीच उपचार झाले नव्हते अशा रुग्णांचा पन्नास वर्षांनी मागोवा घेतला गेला. त्यांची पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती आणि दिसण्याबद्दलची खंतही होती, पण ती माणसे नोकरी-घर सांभाळत नेहमीसारखे आयुष्य जगत होती. ३२ अंशांच्या बाकाने हृदयाला किंवा फुप्फुसांना काही होत नाही. श्वासाचा प्रश्न येतो तो याच्या दुपटीहून मोठ्या बाकांत. पुढे बाळंतपणाच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना बाकाची कल्पना आधी द्यायची. सैन्यदलात किंवा वैमानिक म्हणून जायची इच्छा असेल तर तिथल्या वैद्यकीय निकषांत कण्याचा बाक पाहतात, म्हणून दहावीनंतरची दिशा ठरवण्याआधी ते निकष वाचून घे. या दोन गोष्टींपलीकडे तुझ्या पुढच्या आयुष्यात या बाकाने अडावे असे मला काही दिसत नाही.

ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजिनी यांच्या कण्यावर त्या १२ वर्षांच्या असताना शस्त्रक्रिया झाली होती. २०१८ मध्ये स्वतःच्या लग्नात त्यांनी मुद्दाम मागून खोल गळ्याचा पोशाख शिवून घेतला आणि पाठीवरचा व्रण सगळ्यांना दिसू दिला. तू तसेच काही करावेस असे मी म्हणत नाही. कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हे तू ठरव. ते तुझ्याऐवजी घरातल्या मोठ्यांनी ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शस्त्रक्रियेची भीती तू लिहिलेली नाहीस, पण ती मनात असणारच. ब्रेस प्रामाणिकपणे घालूनही काहींचा बाक वाढतो, आणि तसे झाले तर तो त्या मुलीचा दोष नसतो. शस्त्रक्रियेत बाकाच्या भागातले मणके स्क्रू आणि दांड्यांच्या आधाराने शक्य तेवढे सरळ करून एकमेकांना जोडतात, आणि ती चालू असताना मज्जारज्जूच्या कामावर यंत्राने सतत लक्ष ठेवतात. मुली साधारणपणे आठवड्याभरात घरी आणि महिना-दीड महिन्यात शाळेत परततात. आज त्यावर विचार करत बसायची गरज नाही.

धाकट्या बहिणीला नक्की पाहून घ्या, कारण सख्ख्या भावंडांत ही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पाठ उघडी ठेवून तिला पावले जोडून, गुडघे ताठ ठेवून उभी करा. तळहात एकमेकांना जोडून, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत सावकाश पुढे वाकायला सांगा, आणि आईने मागे बसून तिच्या पाठीच्या पातळीवरून पाहावे. एक बाजू वर दिसली तर डॉक्टरांकडे न्या, नाही दिसली तर वाढीचे वय संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा.

खर्चाचे पत्रात काही नाही, तरी सांगते. वाढत्या अंगाला ब्रेस लहान होतो आणि एकदा तरी नवा करावा लागण्याची तयारी ठेवा. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेत, कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवण्याचा विभाग आहे, तिथे चौकशी करता येईल. पुढे रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

पाठ रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, पायांतला जोर कमी वाटला किंवा लघवीवर ताबा राहिनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे. एरवी पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून ने: ब्रेस घालून एक्स-रे काढला का आणि त्यात बाक किती कमी दिसला; एक्स-रे पाठीकडून काढता का, कारण त्याने छातीवर किरणोत्सर्ग कमी पडतो; ब्रेस कमरेवर आणि काखेखाली अजून बरोबर बसतो आहे का; आणि तास कमी करायला कधीपासून सुरुवात होईल. ब्रेस घालूनही बाक फारसा कमी दिसत नसेल तर तो ऑर्थोटिस्टकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळलेले बरे. प्रश्न आईबाबांना विचारायला देऊ नकोस. खोलीत गेल्यावर तूच विचार आणि उत्तरे तूच लिहून घे.